विस्तव न्यायला कोणी आलं नाही

आये, तू गेल्याला इतके पावसाळे झाले की तुझा आवाज आठवायला मला थांबावं लागतं. ती सकाळ मात्र समोरच आहे. तू चुलीपाशी बसली आहेस, ऐनाच्या ओल्या लाकडांचा धूर झालाय, काठवटीत नाचणीचं पीठ आहे. जामसरच्या वरच्या अंगाला आपला पाडा. तिथं पहिली चूल तुझी पेटायची आणि बाया खापरात विस्तव न्यायला यायच्या, उंबऱ्यात दोन गोष्टी बोलायच्या. त्या दिवशी कोणी आलं नाही. समोरची काकी आपल्या दारात बसून चकमक झाडत होती. ठिणगी धरत नव्हती, तरी झाडत होती आणि आपल्याकडे बघत होती.

हगवणीनं पाड्यावर घरोघर माणूस मेलं होतं, आपल्या घरात कोणी मेलं नव्हतं. एवढंच. दुसरं काही घडलं नव्हतं, हे मी खात्रीनं लिहितो, कारण मी तेव्हा मिसरूड फुटलेला गडी होतो आणि घरोघर जाऊन विचारलं होतं. काकी म्हणाली, “मी कशाला बोलू रं? लोक बोलतात.” पलीकडच्या घरी म्हणाले, “आमी नाय बाबा. लोक.” घरं संपली, पुढं रान लागलं, पण ते लोक काही भेटले नाहीत.

मग भगत आला. साथ कोणी आणली ते बघायला त्यानं सुपात तांदूळ टाकले. सगळे दाण्यांकडे बघतायत असं तुला वाटलं असेल. मी भगताकडे बघत होतो. दाण्यांना हात लावण्याआधी त्यानं मान फिरवून माणसांचे डोळे कुठं आहेत ते पाहिलं. ते तुझ्यावर होते. माणसं खाणारी भुताळी, हे त्याला उच्चारावंसुद्धा लागलं नाही.

मी जव्हार गाठलं, दरबारात फिर्याद दिली. दरबारचा अंमलदार घोड्यावरून आला, सगळ्यांना वडाखाली बसवून म्हणाला, “हिच्यावर आळ कोणी घेतला?”

“कोणी नाय, मायबाप.”

“मग ही इथंच राहील.”

“ऱ्हाऊ द्या की. आमी कुठं नको बोलतो?”

मागं कोणीतरी हसलं. निकाल आपल्या बाजूनं लागला. पुढं मी कोणाच्या शाळेत न जाता लिहायला शिकलो, दरबारच्या कचेरीत बसलो, शेकडो हुकूम हाताखालून गेले. त्या पाड्याच्या गप्प बसण्याइतका जोर एकातही नव्हता.

तू झऱ्यावर आलीस की बाया पोरं पदराखाली घ्यायच्या. एके संध्याकाळी भाकरी थापता थापता तुझा हात थांबला.

“पोरा, मी रातची उठून जातंय का रं?”

“नाय, आये.”

“नीट बघ. एवढी माणसं उगाच कशी बोलतील?”

तेव्हापासून तू स्वतःच पाय खांबाला बांधून झोपू लागलीस. त्याच थंडीत गेलीस. ती दोरी मी सोडली.

आता पाड्याच्या शिवेवर तुझा शेंदूर फासलेला दगड आहे. साथीची बातमी आली की नारळ ठेवतात. “आये दुखणं आत येऊ देत नाय,” काकी बोळक्या तोंडानं मलाच सांगते, जणू मी परका.

गेल्या आठवड्यात माझी धाकटी तापानं फणफणली. मी अंगारे-धुपारे मानत नाही, हे सगळ्या जव्हारला माहीत आहे. मी पायी शिवेवर गेलो, वहाणा काढल्या, तिचं नाव तुला सांगितलं. परतलो तेव्हा ती उठून पेज मागत होती. बायकोनं विचारलं, “कुठं गेला होतात?”

“कचेरीत,” म्हणालो. बोटाचा शेंदूर ओढ्यावर धुवून आलो होतो.