नोंदवहीत नसलेली बाई

२ जून

ती. दादास,
सा. न., आणि विशेष म्हणजे घाबरून लिहिते आहे.

तुला फोनवर ऐकू येत नाही, हे वहिनीला अजून पटत नाही. कानातलं यंत्र कपाटात ठेवून तू शांततेची मजा घेतोस, असं ती म्हणते. आज मात्र हे तोंडाने सांगावं लागत नाही, याचं मलाच बरं वाटतंय.

शिलाई कारखान्यातली माझी अशील तुला आठवत असेल. खालच्या कोर्टाने तिची साडेतीन वर्षांची मुलगी नवऱ्याकडे दिली, आणि तो तिला घेऊन परदेशी निघालाय. पुढच्या बुधवारचं विमान आहे. मंगळवारी वरच्या कोर्टात स्थगिती मिळाली नाही, तर अपील चालेपर्यंत पोर तिकडचीच होईल. समोर वकिलांची फौज, इकडे मी एकटी, आणि अर्ज लिहायला दोनच दिवस होते. वर्षभर मसुदे एआयकडून करून घेते, तसा हाही घेतला. त्यात दोन जुने निकाल होते, अगदी आपल्यासारखेच. एका आईला थेट विमानतळावर मूल परत मिळालं होतं. माझे डोळे भरून आले. अशिलालाही वाचून दाखवलं आणि सही ठोकली.

आता न्यायाधीशबाईंनी दोन्ही निकालांच्या प्रती मागितल्यात आणि मला त्या कुठेच सापडत नाहीत. एआयला विचारलं, तर निकाल खरेच आहेत म्हणालं, त्रासाबद्दल माफी मागितली, आणि पुन्हा तेच नंबर दिले. तू चौतीस वर्षं कोर्टाची रेकॉर्ड रूम सांभाळलीस. नंबर सोबतच्या चिठ्ठीवर आहेत. पाया पडते, जाऊन बघ.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
धाकटी

५ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. आज गरज जास्त आहे, म्हणून दुप्पट धर.

काल रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसलो. हल्लीच्या कारकुनाने मला स्टूल दिलं आणि दोन्ही वर्षांच्या नोंदवह्या पुढ्यात ठेवल्या. तुझ्या पहिल्या नंबरवर दोन शेजाऱ्यांचं भिंतीवरून भांडण आहे. दुसरा नंबर नाहीच. त्या वर्षीची वही त्याच्या दोनशे नंबर आधी संपते. चष्मा पुसून तीनदा पाहिलं, मागची-पुढची वर्षं चाळली. बाळ, असे निकाल झालेलेच नाहीत.

आता नीट ऐक. मंगळवारी सांग, की ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी नंबर चुकवले, शोधायला आठवडा द्या. कारकुनाची चूक कोर्ट पोटात घालतं, वकिलाची घालत नाही. साहेबांच्या असल्या कितीतरी चुका माझ्या नावावर जिरल्या, मी काही मेलो नाही. तुझी वकिलीची सनद वाचली तर त्या बाईला वकील तरी राहील. वहिनी म्हणते, हा सल्ला पाठवू नका. तरी पाठवतोय.

तुझं पत्र येईपर्यंत घास उतरायचा नाही.
दादा

११ जून

ती. दादास,
नमस्कार. इकडील कुशल नाही.

टायपिस्टबाई माझ्याकडे बावीस वर्षं आहेत. त्या सकाळी त्यांनीच फाइलला दोरा बांधून हातात दिली, आणि तुझा सल्ला माझ्या तोंडातून निघेना. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं, की हे निकाल अस्तित्वात नाहीत, यंत्राने रचले आणि मी न तपासता सही केली. समोरच्या वकिलाला हे शुक्रवारपासूनच ठाऊक होतं, असं नंतर कळलं. त्यांचं एआय आमच्या अर्जातले निकाल तपासतं. न्यायाधीशबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, की हे दोन निकाल वगळून अर्जात काय उरतं. मी कागद उलटत राहिले. बालवाडीच्या बाईंचं पत्र, डॉक्टरांचा दाखला, सगळं माझ्या टेबलावर पडून होतं. ते दोन निकालच पुरेत, असं वाटून मी ते लावलंच नव्हतं. अर्ज फेटाळला. माझी चौकशी वेगळी लागली.

काल पोर गेली.

मंगळवारी कोर्टाच्या जिन्यात अशिलाने विचारलं, त्या बाईचं काय. मला आधी कळेना. जिला विमानतळावर मूल मिळालं ती, असं ती म्हणाली. शिलाईच्या मशीनवर बसलं की ती रोज त्या बाईचा विचार करायची. तिला मिळालं तर आपल्यालाही मिळेल, असं धरून चालली होती. मी सांगितलं, अशी बाई नाही. तिने विचारलं, म्हणजे वारली का. मी सांगितलं, ती कधी नव्हतीच. तेव्हा ती पायरीवर बसली. निकाल ऐकताना रडली नव्हती, ती त्या बाईसाठी रडली.

दादा, ऑफिस उघडते आणि माझ्या खुर्चीत बसायचं धाडस होत नाही. अशिलांच्या बाकावर बसते आणि कुलूप लावून परत येते. काय करू ते सुचत नाही.

धाकटी

१६ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

माझा सल्ला फाडून टाक. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि ते मला कानातल्या यंत्राशिवाय ऐकू आलं.

बाकावरून उठ. ते पत्र, तो दाखला, जे जे खरं आहे त्याचं गाठोडं बांध आणि त्या बाईसाठी दुसरा वकील गाठ. परदेशी नेलेल्या मुलांचे खरे निकाल मी रोज जाऊन शोधतोय. नऊ सापडले. सातांत आई हरली आहे. सगळे पाठवतोय, हरलेलेही.

वहिनीचाही आशीर्वाद, तो माझ्यापेक्षा जास्त धर.
दादा

२० सप्टेंबर

ती. दादास आणि सौ. वहिनीस,
सा. न.

सनद वर्षभरासाठी गेली. पाटी मीच उतरवली. टायपिस्टबाई नव्या वकिलाकडे लागल्या. तिथला पंखा आवाज करत नाही, म्हणून त्यांना चुकल्यासारखं होतं म्हणे.

नव्या वकिलाने तुझे नऊच्या नऊ निकाल लावले. अपील रेंगाळलंय. कोर्टाने एवढंच दिलं, की दर रविवारी मायलेकींची कॉम्प्युटरच्या पडद्यावर अर्धा तास भेट व्हावी, आणि मुलीची आईशी ओळख टिकतेय का, ते तिसऱ्या माणसाने तिथे बसून लिहून द्यावं. आईने माझं नाव दिलं. मी विचारलं, माझंच का. ती म्हणाली, माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण स्वतःच्या विरुद्ध खरं बोलताना तिने एकाच माणसाला पाहिलंय.

आज पहिली भेट झाली. तीन महिन्यांत बापाने एकदाही फोन जोडून दिला नव्हता. पोर पडद्यावर आली. आईने हाक मारली. पोरीने मागे वळून बापाकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे, आणि नुसती बघत राहिली. बघणं हेच माझं काम होतं, म्हणून मी घड्याळाकडे पाहिलं. अकरा सेकंदांनी पोर म्हणाली, आई. मग आईने तिला दाराला टेकून उभं राहायला सांगितलं, फ्रॉक केवढा शिवायचा ते कळावं म्हणून. पोर टाचा उचलून उभी राहिली.

पडदा बंद झाल्यावर आईने माझा हात धरला. तेवढे अकरा सेकंद लिहू नका, पुढच्या रविवारी ती लगेच ओळखेल, असं म्हणाली. मी पेन उघडलं. मग लिहिलं: दोनदा हसली, टाचा उचलल्या, आईला ओळखायला अकरा सेकंद लागले. कागद तिच्यापुढे सरकवला. तिने एकेक शब्दाखाली बोट ठेवून वाचलं. अकरावर बोट थांबलं ते हलेना. शेवटी तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली सही केली.

उरला असेल तेवढा लोभ पुरे.
धाकटी