कार्निवलला येतोस की नाही

प्रिय दाल्सी,

"कार्निवलला येतोस की नाही, एवढंच सांग," असं तू फोनवर म्हणालीस आणि मी "आवाज तुटतोय" म्हणून फोन ठेवला. आवाज चांगला येत होता. तुझ्या आईला तो ट्रकवाला पसंत आहे, हे तुझ्या भावाने सांगितलंय मला. माणूस चांगला आहे म्हणे. आणि तू माझ्या नावावर आईला थोपवून धरलंयस.

आधी इकडचं सांगतो. विद्यापीठातली माझी लिफ्ट आता नवसाला पावणारी झालीय! परीक्षेच्या दिवशी सकाळीच ती मधे अडकली. आत मी आणि गणिताचे वास्केस सर, त्यांच्या काखेत सगळे पेपर. बाहेरून पोरं ओरडतायत, "रूबेरदादा, घाई नको रे, सावकाश!" सर माझ्यावर तापले, "मुद्दाम केलंस तू!" मी म्हटलं, "सर, मी चौथी नापास. हिची मर्जी मला काय कळणार?" परीक्षा पुढे ढकलली गेली. तेव्हापासून पेपर असला की पोरं जिना सोडून माझ्याकडे रांग लावतात, खांद्याला हात लावून जातात. पास झालेला साल्तेन्या, ती इथली रश्शाची करंजी, आणून देतो. ती खाताना आतला रस्सा दर वेळी माझ्या शर्टावर सांडतो आणि झाडूवाली प्रिमितिवा मावशी म्हणते, "खाली चाकोच्या रानातला गडी तो, खायला कधी शिकणार?"

दुसऱ्यांना वाटून द्यायला माझं नशीब बरं आहे गं. नाताळात निघालो, तर ओरुरोच्या अलीकडे आंदोलकांनी रस्ता अडवलेला, दगड आणि जळते टायर. बसने परत इथे ला पासला आणून सोडलं. त्याआधी रजा मिळाली होती, तर दुसरा लिफ्टवाला फुटबॉल खेळताना पाय मोडून घेऊन बसला. आता नव्या वर्षाचा करार व्हायचाय. साहेब म्हणतात, "या दिवसांत जो दिसला नाही, त्याला मी ओळखत नाही." आणि खरं सांगू? आलो तरी किती दिवस टिकेन? ऊसतोड सोडली, नदीवरचं मासे धरायचं काम सोडलं, तुझ्या मामाचं गॅरेज सोडलं. माझ्या पायांना काय झालंय, मलाच कळत नाही.

परवा इथे आलासितासची जत्रा होती. जे हवं त्याचं इवलंसं रूप भर दुपारी बाराला विकत घ्यायचं, धुपावर धरायचं, की वर्षभरात ते खरं मिळतं. पोरं इवल्याशा पदव्या घेतात. मला छोटी बस घ्यायची होती, गावी यायला. लिफ्टच्या दाराला स्टूल लावलं आणि पळालो. पण गर्दी अशी, की बसवाल्या दुकानापर्यंत पोचताच येईना. लोटत लोटत मला नेऊन टाकलं इवल्याशा कोंबड्यांच्या टपरीपुढे. बाईमाणसाला कोंबडा भेट दिला की वर्षात तिला नवरा मिळतो म्हणतात. तेवढ्यात बाराच्या घंटा सुरू झाल्या. विकणारी बाई खेकसली, "बोल पटकन, कुणासाठी?" मी म्हटलं, "गावी एक मुलगी आहे." ती हसायला लागली. "अरे येड्या, तू चांगला धडधाकट असताना तिला कोंबडा कशाला?" मी पैसे पुढे केले. माझं तोंड बघून तिचंही हसू गेलं. तिने कोंबडा गुपचूप कागदात गुंडाळला.

तो या पत्रासोबत बसने पाठवतोय. शेपटीचा रंग थोडा उडालाय, पण धूप नीट दाखवलाय. कार्निवलला मी येत नाही, दाल्सी. पुढच्या वर्षी येईन, असंही म्हणवत नाही. आईला आता थोपवू नकोस. कोंबडा उंच फळीवर ठेव, पोरांचा हात पोचणार नाही असा. नुसत्या प्लास्टरचा आहे, आणि रस्ता तुला माहीत आहे. वाटेत फुटला असेल, तर मात्र मला लगेच फोन कर.

अजून तुझाच,
रूबेर