केळीच्या खांबातल्या वाती

९ एप्रिल १९५६, जळगाव
आबा धुळ्याहून आले होते. तेच तुणतुणं, कॉलेजात परत नाव घाल. नाही घालणार. डॉक्टरबाईंकडे कंपाउंडर आहे मी, बरा आहे. पाळी गेल्यावर बायकांना आत कोरड पडते, आग होते, नवरा जवळ आला की जीव जातो. आपणहून सांगत नाहीत. बाई विचारून काढतात, प्रत्येकीला हार्मोनची मात्रा वेगळी देतात. मी ती अंगाच्या उबेने वितळणाऱ्या कोको बटरमध्ये घोटून साच्यात बोटभर वाती ओततो, निजताना आत ठेवायच्या. आज सावद्याच्या एका काकूंच्या वाती पुतणीने नेल्या. कुसुम. हिरवं पातळ. नंतर दोनदा चुकीची बाटली उचलली.

१२ एप्रिल
कुसुम परत. डबी काउंटरवर आपटली. "काकूले तूप पाठवलं का?" एसटीत सगळं वितळलं. मी भडकलो, म्हटलं ऊन काय मी पाडतो? बाईंनी मलाच झापलं. नव्या ओतल्या, रांजणाखालच्या ओल्या वाळूत ठेवल्या. इथे टिकतील, पण सावद्यापर्यंत? कु. म्हणाली, काकू आता नकोच म्हणते, एकदा लाज सोडून आली ते पुरे. ती जाईपर्यंत राग पार उतरला होता.

१६ एप्रिल
कु.च्या बगलेत हातभर केळीचा खांब! मधे पोखरलेला, वर ओलं फडकं. घड कापल्यावर फेकूनच देतात तो. आत बोट घातलं, माठासारखं गार. डबी बरोब्बर बसली. विचारलं, हे डोकं कोणाचं?
"माझं. तुमचं असतं तर कॉलेज सुटलं नसतं."
बाईंनी सांगितलेलं दिसतंय. दुसरा कोणी बोलला असता तर मारामारी. हसतच सुटलो. काकूला तिने पंधरा दिवसांपुरतं राजी केलंय.

६ मे
काकू स्वतः आल्या. आत बाईंशी बोलताना त्यांचं हसणं बाहेरपर्यंत. मात्रा निम्मी केली, आता आठवड्यातून दोनदाच. बाकावर कु.ने हळूच सांगितलं. वर्षभर काका मळ्यातल्या खोपीत निजायचे, बायकोला आपण नकोसे झालो समजून. काकूंना वाटे, आपणच त्यांच्या मनातून उतरलो. विचारलं कोणीच नाही.
"आणि आता?"
"आता खोपीत गडी निजतो."
तिचे कान लाल. माझेही असणार.

२१ मे
काका! खांद्यावर केळीचा घड, काउंटरवर ठेवला. कु.ला वडील नाहीत, सगळं यांच्या हातात.
"तूच का वाती करनारा? कॉलेज काहून सोडलं?"
प्रोफेसरशी भांडलो.
"चूक कोनाची?"
म्हटलं, दोघांची. हसले नाहीत. "काकू म्हनते पोरगं चांगलं हाये. मी अजून काही म्हनत नाही. रविवारी वाती घेऊन तूच ये. जेवाले."

२७ मे, रवि., एसटीत
मांडीवर खांब, पेन्सिल हलतेय. कंडक्टर विचारतो, तान्हं लेकरू आहे का? म्हटलं, त्याहून नाजूक. सावदा आलंच. थांब्यावर हिरवं पातळ. शेजारी काका. हसताहेत की उन्हाने डोळे बारीक केलेत, इथून काही कळेना. उतरतो.