तेवीस नंबरची नळी

६ जानेवारी २०२५
तेवीस नंबर! यादी निरोगी बायकांची, आणि हिचा आकडा आजारी बायकांच्याही वर!

स्तनाच्या कॅन्सरमध्ये रक्तातलं हे एन्झाइम वाढतं का, एवढंच तर आम्ही शोधतोय. धडधाकट बाईचंच वाढलं तर माझी पीएचडीची दोन वर्षं पाण्यात.

शंकरसिंगचाच घोळ असणार. सेनगावहून हिंगोलीला नळ्या त्याच्या जीपमधून येतात. खड्ड्यांत आदळून तांबड्या पेशी फुटतात आणि आकडा उगाच चढतो. शंभरदा सांगितलं, हळू आण!

७ जानेवारी
नळी उजेडात धरली. पेशींच्या वरचं पाणी स्वच्छ पिवळं. पेशी फुटल्या असत्या तर लाल दिसलं असतं. म्हणजे रस्ता नाही. मग नळ्यांवरच्या चिठ्ठ्याच बदलल्या!

फोनवर शंकरसिंगला झापलं. "डबा मी उघडतबी न्हाई म्याडम. माझ्यावर काहून चिडून राहिल्या?" चोर तो चोर, वर शिरजोर.

८ जानेवारी
वहीत पाहिलं. तेवीस म्हणजे शिला! सेनगावची आशा सेविका. सगळ्या बाया तिनंच जमवून दिल्या. संख्या भरायची म्हणून कुणा आजारी बाईचं रक्त स्वतःच्या नावावर दिलं की काय? रक्त तिथली नर्स काढते, मी कुठं बघायला होते? आणि शिला बोलायला गोड. चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. अशांची मला धास्तीच वाटते.

सर म्हणाले, "एका आकड्यावरून कुणाचं काही ठरत नसतं. पुन्हा रक्त घे."

१० जानेवारी
सकाळच्या एसटीनं सेनगाव. शिलाचं रक्त मीच काढलं, चिठ्ठी मीच लावली, डबा मांडीवर धरून आणला. "पुन्हा काहून, ताई?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नळी फुटली. धडधडीत खोटं!

११ जानेवारी
तेवढाच आकडा.

१३ जानेवारी, भोगी
पुन्हा सेनगाव. शिलानं भाकरी, तीळ, भाजी पुढ्यात ठेवली. मी हात लावला नाही. सरळ विचारलं — काय लपवतेस?

आधी हसली. मग उठून दार लोटलं.

"मशीनला कळलं?"

हेच पहिलं वाक्य! डाव्या छातीत गाठ. दिवाळीपासून.

"गावभर बायांना सांगत फिरते, लपवू नका, लाजू नका. आन् मीच… प्रियंकाची सोयरीक जमून राहिली हो. मायला असं निघालं म्हनलं की पोरीला कोन करंल? म्हनलं, गुपचूप रक्त द्यावं. काही असलं तर तुमी सांगतालच."

आणि मला काय वाटलं? आनंद झाला! आकडा खरा होता! क्षणभरच, पण झाला. मग स्वतःचीच किळस आली. तिला म्हटलं, लुगडं बदल, आत्ताच निघायचं. प्रियंकाचं नंतर बघू. रडत होती, पण आली. दवाखान्यात गाठीचा तुकडा काढून तपासायला दिलाय.

२१ जानेवारी
कॅन्सरच. काखेपर्यंत गेलाय. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आणली असती तर बरं झालं असतं.

शिलाचा फॉर्म काढला. १८ नोव्हेंबर. 'छातीत गाठ आहे का?' — 'नाही.' अक्षर माझं. बाकी प्रत्येकीला हा प्रश्न मी समोर बसवून विचारला होता. शिला काय, आपलीच — तिचा फॉर्म तिला न विचारताच भरून टाकला.