नाउता आपल्यातला

३ जानेवारी

आज पहिला धडा. कसला धडा — रणधुमाळी! स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी मध्ये. एका बाजूला ताईची थोरली, मिरची — वय वर्षं नऊ, जीभ वय वर्षं चाळीस. दुसऱ्या बाजूला धाकटी बटाटी, तिचे पाय अजून जमिनीला टेकत नाहीत. दाजींना मिरचीला त्यांच्या जुन्या निवासी शाळेत घालायचंय. मार्चमध्ये प्रवेश परीक्षा, आणि तिथे लॅटिन लागते. मला म्हणाले, "तू शाळेत हेच शिकवायचीस ना? मग घरातच मास्तरीण आहे की!" ताई गेल्यापासून मी या घरात राहतेय, पण नक्की कोण म्हणून ते कुणी ठरवलं नव्हतं. आता ठरलं. मास्तरीण.

पुएल्ला म्हणजे मुलगी, म्हटलं. मिरची लगेच फणकारली — "'आ'वर संपते आणि मुलगी? घोडा, कुत्रा, मुलगा — हे सगळे 'तो' असतात. तुझी लॅटिन उलटी आहे!"

६ जानेवारी

आपल्या विभक्त्या आठ, लॅटिनच्या सहाच, असं सांगितलं. मिरची — "मग दोन कुणी खाल्ल्या?" बटाटी घाबरून — "मी नाही!" हसून हसून पुरेवाट झाली. ताई गेल्यानंतर या टेबलावर एवढा आवाज पहिल्यांदाच झाला. मग तिघींनीही एकदम दाराकडे पाहिलं. कुणी रागावेल असं वाटलं, का कोण जाणे.

१४ जानेवारी

नाउता! म्हणजे खलाशी. 'आ'वर संपतो आणि चक्क पुल्लिंगी! मिरची खुर्चीवर उभीच राहिली — "हा आपल्यातला!" दिवसभर तेच. नाउता बोनुस, चांगला खलाशी. जिन्यात, बाथरूममध्ये, दूधवाल्यालासुद्धा ऐकवून झालं. बटाटी चुकून "नाउता बोना" म्हणाली तर तिला उशी फेकून मारली. "बोना बायकांना, बावळट!"

२ फेब्रुवारी

छान चाललंय. जरा जास्तच छान. पोरगी टीपकागद आहे.

आणि तिथेच सगळी गोम आहे. ती पास झाली की जाणार. मागोमाग बटाटी जाणार. म्हणजे मी माझ्याच हाताने पोरी घराबाहेर काढतेय! आज वाटलं, एखादा धडा कच्चाच ठेवावा, कुणाला कळतंय. नाही जमलं. चुकीचं शिकवायला जीभच वळत नाही मेली.

दाजींना म्हटलं, "एक वर्ष राहू दे तिला घरी." पेपर खाली न ठेवता म्हणाले, "इथे राहून काय करणार, रडणार? तिथे शिस्त लागेल." वाईट नाहीत ते. अजून ताईच्या खुर्चीकडे पाठ करून जेवतात.

९ फेब्रुवारी

स्वयंपाकाच्या बाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते काय खोटं नाही बघा." चांगल्या मनानेच म्हणाल्या. पण म्हण करणाऱ्याने मावशीला विचारलं होतं का? मला माझी ताई हवी होती. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

२६ फेब्रुवारी

आमो, आमास, आमात. बटाटीचं — "आमो, आमास, आमचा!"

मिरचीला शंका. आमो म्हणजे 'मी प्रेम करते', तर त्यात 'मी' कुठे आहे? म्हटलं, शेवटच्या 'ओ'मध्ये. शेपटीत असते ती. बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग हळूच —

"मी पास झाले तर तू कुठे राहशील?"

"माझ्या खोलीवर. आहे की माझी खोली."

"आणि नापास झाले तर?"

"असं अभद्र बोलू नये," म्हटलं. आणि पुढचा धडा काढला.

८ मार्च

परीक्षा झाली. मिरची शिट्टी वाजवत बाहेर आली. "एकदम सोपा होता पेपर!" दाजींनी तिची पाठ थोपटली. मीही थोपटली.

२१ मार्च

नापास!

शाळेने उत्तरपत्रिका परत पाठवली. दाजींनी ती माझ्यापुढे टाकली. "हे शिकवलंस?" बघते तर — पहिल्याच ओळीत नाउता बोना. खाली पुन्हा नाउता बोना. जिथे जिथे खलाशी, तिथे तिथे बोना. टपोरं अक्षर, एक खाडाखोड नाही.

मान वर केली. मिरची दारात उभी, ओठ घट्ट मिटलेले, नजर माझ्यावर. कळलं मला. कार्टीने मुद्दाम केलं होतं!

सांगितलं असतं तर दाजी तिला खोटारडी म्हणाले असते आणि पुन्हा परीक्षेला बसवलं असतं. म्हटलं, "माझंच चुकलं. मीच तसं शिकवलं." व्याकरणाबद्दल आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. आणि खरं सांगू? आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. राहणार! पोरगी घरात राहणार! ताईच्या फोटोसमोर जाऊन हसले. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हिचं डोकं फिरलंय.

२३ मार्च

दाजी आज शांतपणे बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "चूक माझी. घरातल्या माणसाने शिकवलं की लाड होतात. एक निवृत्त प्राध्यापक मिळालेत, ते रोज येतील. ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा आहे. मुलींना बघायला दिवसरात्रीची बाई ठेवतोय. तू तरी किती दिवस आमच्यापायी अडकून पडणार? आता तू मोकळी."

मोकळी! जणू मला कुणी बांधूनच ठेवलं होतं इथे. भांडावंसं वाटलं. पण भांडायचं तर खरं सांगायला हवं, आणि खरं सांगायचं तर मिरचीचं नाव घ्यायला हवं. "बरं," म्हटलं. उठून कपड्यांच्या घड्या घातल्या.

३० मार्च

बॅग भरत होते. मिरची येऊन बॅगेवरच बसली.

"मावशी, नापास तर मी झाले ना? मग तू का चाललीस?"