तोतारामपेक्षा मोठी साक्ष

२ मार्च, रविवार
चर्चमध्ये तोतारामने परत साक्ष दिली. या वर्षातली तिसरी. दारू कशी सुटली, प्रभूने कसं हाताला धरलं. बायका डोळे पुसत होत्या. त्यात माझी रत्नापण! माझं प्रमोशन झालं तेव्हा तिचा डोळा ओला झाला नव्हता. वर हा म्हणाला, एका मित्राच्या नादाने बिघडलो. मित्र म्हणजे मी. साधं नाव घेतलं नाही. अरे, पहिला पेग मीच पाजला ना तुला, यावलच्या ढाब्यावर?

३ मार्च
रत्नाने सांगून टाकलं. ईस्टरपर्यंत माझी सुटली नाही, तर ती चाळीसगावला माहेरी जाणार, कायमची. घाबरलो नाही. सोडणारच आहे. तोतारामवर जळून नाही, प्रभूसाठी. पास्टरांकडे ईस्टरच्या साक्षीला नाव दिलं. वेळ विचारली. पाच मिनिटं म्हणाले. तोतारामला पंधरा देतात.

५ मार्च. लेंट सुरू, ईस्टरपर्यंतचे उपवास
बंद. एकदम. चहापण बिनसाखरेचा.

८ मार्च
साक्ष लिहायला बसलो. अडलो. तोताराम गटारीत पडलेला, सरकारी दवाखान्यात नेलेला. मी फार तर सोफ्यावर पडलो. याला कोण रडणार? पाप कमी पडतंय. एक क्वार्टर आणली. अभ्यास म्हणून.

१६ मार्च
अभ्यास चालू. वेलदोडे चघळतो, रत्नाला पत्ता नाही. तोताराम घरी आला. म्हणे, भाऊ, सोबत प्रार्थना करू. शहाणा! रत्नाने त्याला आग्रह करकरून भरीत वाढलं. मला मेलीने विचारलंपण नाही.

२ एप्रिल
गटारीत पडलो. उत्तम. पण बाहेर काढलं कोणी? तोतारामने. आता हेपण तो स्वतःच्याच साक्षीत घालणार.

२० एप्रिल, ईस्टर
सकाळी अर्धाच घोट, आवाज मोकळा व्हायला. साक्ष जबरदस्त झाली. सेहेचाळीस दिवस थेंब नाही म्हणालो, टाळ्या पडल्या. तोतारामने येऊन मिठी मारली. कानात अहिराणीत म्हणाला, "भाऊ, वास येस." त्याने दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही. गरजच नव्हती. रत्ना माझ्या शेजारीच उभी होती. म्हणाली, "टाळ्या मीपण वाजवल्या हो."

२१ एप्रिल, संध्याकाळ
रत्ना गेली. स्टेशनवर तोतारामने सोडलं. मी गाडी चालवण्यासारखा नव्हतो. परत येऊन त्याने विचारलं, संध्याकाळी सोबतीला येऊ का? गरज नाही म्हणालो. मोठा आला.
पाच वाजल्यापासून दार उघडं ठेवलंय. हवा खेळावी म्हणून.