दम्मामच्या मशिदीतलं आमीन

आई, तुझ्या कपाळाचं चुंबन घेऊन सलाम.

मी धडधाकट आहे. जेवण पोटभर मिळतं, फक्त इथल्या सौदी खजुराला आपल्या ओमानच्या, निझवाच्या खजुराची चव नाही. बागेच्या पाटाला पाणी आहे ना? झुवैनावहिनीची कूस उजवली का?

खलफानदादाने कळवलंय, सुलतानाच्या सुभेदारापुढे मान तुकवली की परत येऊ देतात. त्याला म्हणावं, इमाम म्हणजे आपणच निवडलेला आपला राज्यकर्ता. सुलतानाने त्याला हाकललं, म्हणून मीही त्याची साथ सोडायची? शुक्रवारच्या नमाजाला तिथे आता इमामाच्या नावाने दुआ मागतात की सुलतानाच्या, तेवढं कळव. नको, कळवूच नकोस.

इथले लोक हात बांधून नमाज पढतात, मोठ्याने 'आमीन' म्हणतात. मी आपल्या इबादी पंथाच्या रीतीने हात सोडून गप्प उभा असतो. शेजारचा अबू राशिद टोमणे मारायचा, "काय रे, मुका आहेस की हातात जीव नाही?" मी हसून सोडून द्यायचो.

काल सगळ्यांबरोबर माझ्याही तोंडून 'आमीन' निघालं. अबू राशिदने खूश होऊन पाठ थोपटली, "आता आमचा झालास!"

आई, दादाला विचारून ठेव, सुभेदारापुढे मान किती खाली घालावी लागते.

तुझाच, अजून तुझाच,
हमूद